काचेवरचा पडदा

रविवार, १ सप्टेंबर

आज आमची पहिली उपासना झाली. खुर्च्या चाळीस आणि माणसं दोन. त्यातला एक उपदेश करणारा, म्हणजे मंडळी मी एकटी.

मास्तर मात्र ठरल्या वेळी कोट घालून समोर उभे राहिले आणि म्हणाले, "सर्व बंधुभगिनींनी उभं राहावं." मी उभी राहिले. "सर्वांनी बसून घ्यावं." मी बसले. हसू अगदी ओठांपर्यंत आलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. कपाळावर घाम होता त्यांच्या.

मास्तर म्हणजे माझे यजमान. मोटार शिकवायचे, म्हणून सगळं गाव मास्तर म्हणायचं, मीही मागे मास्तरच म्हणते आणि समोर अहो. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. उभी हयात त्या ब्रेकवर पाय ठेवून काढल्यामुळे त्यांची ती सवय काही जात नाही. मी जरा भरभर बोलायला लागले की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय दाबला जातो. मी मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होते. दिवसभर कानाला माणसं. आता दोघांनी नोकऱ्या सोडल्या, मिशनचं शिक्षण घेतलं आणि या गावात आलो. मूलबाळ नाही, त्यामुळे आवरायला वेळ लागला नाही. इथे ओळखीचं कोणी नाही.

मिशनने घेऊन दिलेली ही जागा पूर्वी फर्निचरचं दुकान होती. समोर भली मोठी काच, मागे आमच्या दोन खोल्या. काचेवर अजून पुसट अक्षरं दिसतात: आरामात झोपा. उपदेशाला याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार, असं मी म्हटलं. पाय दाबला गेला.

मंगळवार, ३ सप्टेंबर

काचेला पडदा लावला. रस्त्याने जाणारा जो तो आत डोकावतो आणि रिकाम्या खुर्च्या मोजल्यासारखं करून पुढे जातो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. जाड, तपकिरी कापड आणलं, हाताने शिवलं, हुक लावले. मास्तर आधी नाही म्हणाले, मग थोडा वेळ बघत राहिले आणि शिडी धरून उभे राहिले.

झाकली मूठ सव्वा लाखाची.

रविवार, ८ सप्टेंबर

मंडळी: मी.

गाणी म्हणायला दोनच गळे, त्यात मास्तरांचा चढाला लागलेल्या जुन्या गाडीसारखा. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. आमच्या जुन्या मंडळीच्या गायकवृंदाची गाणी त्यांच्याकडे भरून ठेवलेली आहेत, ती स्पीकरवर मोठ्याने लावली. काय सांगू, खोली भरून गेली. साठ-सत्तर माणसं गात होती. डोळे मिटले तर जुन्या देवळातच असल्यासारखं वाटलं. मागच्या बाकावरच्या त्या जाड्या बाईंचा आवाजही ओळखू आला, नेहमी सगळ्यांच्या पुढे धावणारा. डोळे उघडले आणि रडू आलं.

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. म्हणजे कोणीतरी उठून आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सांगायचं. मास्तरांनी चारी बाजूंना नजर फिरवली, जणू कोणाला निवडावं असा प्रश्न पडलाय, आणि म्हणाले, "आज आपल्या भगिनींपैकी एक जण साक्ष देईल." भगिनींपैकी!

मी मिशनच्या कमिटीपुढे दिलेली साक्षच पुन्हा दिली. लग्नानंतर यजमानांच्या पाचारणात मला माझं पाचारण ऐकू आलं, वगैरे. ती सेक्रेटरीसाहेबांनी नीट करून दिली होती. म्हणताना एक शब्द चुकत नाही. खरं सांगायचं तर मला हाकबिक काही आली नाही. मास्तरांना आली आणि ते निघाले. त्यांच्या मागे रिकाम्या घरात काय करायचं, म्हणून मी निघाले. हे कमिटीला सांगितलं असतं तर आज मी बोर्डावर असते.

गुरुवार, १२ सप्टेंबर

मास्तर रोज सकाळी घरोघर जातात. लोक वाईट नाहीत. पाणी देतात, बसा म्हणतात, "येऊ की कधीतरी" म्हणतात. त्या कधीतरीची तारीख कोणत्याच कॅलेंडरात नाही.

शेजारी एक चावीवाला आहे. फळीएवढं दुकान, दिवसभर त्याच्या यंत्राची किर्रकिर्र. आमच्या मधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवुड. मी गेले आणि म्हटलं, भाऊ, रविवारी सकाळी तासभर यंत्र बंद ठेवाल का, आमची उपासना असते.

तो म्हणाला, "माहितेय, ठेवतो बंद. आवाज येतो ना. बरेच लोक असतात वाटतं?"

मी म्हटलं, "असतात थोडेफार."

आता याला खोटं म्हणायचं का? थोडेच असतात, हे तर खरं. पण घरी येईपर्यंत कान गरम झाले होते.

रविवार, १५ सप्टेंबर

आज साक्ष मास्तरांची. म्हणजे वक्ते तेच, सूत्रसंचालक तेच, आणि "आपल्या बंधूंचे आभार" मानणारेही तेच.

ती साक्ष मला पाठ आहे. त्यांच्या आई दवाखान्यात होत्या. हे शिकवायला दुसऱ्या गावी गेलेले. दुपारी रस्त्याकडेच्या फोनवरून दवाखान्यात फोन लावला आणि त्या तारेवर देव त्यांच्याशी बोलला, धीर दिला. आई त्या दुपारी गेल्या, पण यांचं आयुष्य तिथे वळलं. या ठिकाणी कमिटीतले दोघे नेहमी डोळे पुसायचे.

मला त्यात एक छोटी हरकत आहे, ती कधी घेतली नाही. त्या तारेवर मी होते. वॉर्डाने मला कळवलं होतं, पण बोर्डावरच्या बाईने बातमी सांगायची नाही असा नियम. डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकलेले. या माणसाने फोन ठेवला तर पुन्हा लागेल न लागेल. म्हणून मी म्हटलं, "ठेवू नका. बोला, ऐकतेय." आणि हा माणूस बोलत सुटला. आई गाडीत शेजारी बसली की तीसुद्धा कशी पायाने खोटा ब्रेक दाबते, तिला वळणाची कशी भीती वाटते. मी मधूनमधून हूं म्हणत राहिले, बाकीचे दिवे लुकलुकत होते ते तसेच ठेवले. मग डॉक्टर आले, मी जोडून दिलं. पुढच्या महिन्यात कोट घातलेला एक गृहस्थ "तो आवाज कोणाचा" असं विचारत दवाखान्यात आला. अशी आमची सोयरीक.

तेव्हा देवाचा नंबर शून्य, म्हणजे बोर्डाचाच, होता आणि तिथे मी बसले होते, असं मला कधीतरी उठून म्हणावंसं वाटतं. पण माणसाच्या पाचारणाची चेष्टा करू नये. मी "आमेन" म्हटलं.

बुधवार, १८ सप्टेंबर

काही नाही. दिवसभरात मास्तरांशिवाय फक्त भाजीवालीशी बोलले. तीही "सुटे द्या" एवढंच म्हणाली.

रविवार, २९ सप्टेंबर

मागच्या रविवारीही माझीच साक्ष होती, आजही माझीच. कमिटीची साक्ष तरी किती वेळा उगाळायची? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आज उठले, तर तोंडातून दुसरंच निघालं.

बोर्डावर असताना एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी फोन करायचे. "बाई, पेशंटला भेटायची वेळ काय?" मी सांगायची, चार ते सहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षभर. माझ्या शेजारची म्हणायची, खडसाव एकदा. मग मला कळलं की त्यांचं दवाखान्यात कोणी नव्हतंच. बायको पूर्वी होती, कधीच गेली होती. म्हणून मी रोज सांगत राहिले, चार ते सहा, जसं काही पहिल्यांदाच विचारलंय. मग एके दिवशी...

मास्तरांचा पाय दाबला गेला. "वेळेअभावी आपण इथे थांबू," म्हणाले. कोणाचा वेळ? कोणाला कुठे जायचं होतं? मी रागाने बसले. भिंतीलाही कान असतात म्हणतात. इथल्या भिंती ठार बहिऱ्या निघाल्या आणि नवराही.

चावीवाल्याने शब्द पाळलाय. रविवारी यंत्र एकदम बंद असतं. दुकान मात्र उघडं असतं. रिकामा काय बसून राहतो कोण जाणे.

रविवार, ६ ऑक्टोबर

उपासनेनंतर पडदा बाजूला करून दार उघडलं, तर पायरीवर एक बाई बसलेली. पन्नाशीच्या पुढची, मांडीवर पिशवी. मागच्या रविवारीही होती, आणि बहुतेक त्याच्या आधीही. मला पाहून चटकन उठली.

मी म्हटलं, "बसची वाट बघताय का? रविवारी इथून बस नसते हो."

"हो का," म्हणाली आणि गेली. बिचारीला कोणी सांगितलंच नसेल. थांब्याची पाटीही खांबावरून पडलेली आहे.

आत येऊन मास्तरांना म्हटलं, आपल्या पायरीचा तेवढा तरी कोणाला उपयोग होतो.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आईच्या जागी. ती सरळ मुद्द्यावर आली. दवाखान्यातल्या सुपरवायझरबाई तिला बाजारात भेटल्या. बोर्डावरची जागा रिकामी झाली आहे. मला हवी असेल तर सोमवारी, एकवीस तारखेला हजर व्हायचं, नाहीतर दुसरीला घेणार.

"त्यांना राहू दे तिथे," ताई म्हणाली. "देवाने त्यांना बोलावलंय ना? तुला बोलावलंय का? तू का म्हणून खुर्च्या पुसत बसलीस?"

मी म्हटलं, "खुर्च्या पुसायलाही कोणी तरी लागतंच ना."

"मग मोलकरीण ठेवा."

हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले. कानाला लावायचं ते यंत्र, लुकलुकणारे दिवे, एकाच वेळी पाच जण बोलायला टपलेले. मला त्या गोंगाटाची फार आठवण आली. इथे मी दिवसाला वीस वाक्यंसुद्धा बोलत नाही. मास्तर तर संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून प्रार्थनेला बसतात ते तासन् तास. त्यांना तिथे सगळं काही मिळतं. मग माझ्याशी बोलायला उरतं काय?

मंगळवार, १५ ऑक्टोबर

मिशनच्या सेक्रेटरीसाहेबांचा फोन होता. उपस्थिती कशी आहे, असं विचारत होते. मास्तर म्हणाले, "हळूहळू." साहेबांनी सल्ला दिला की बायकांचा मेळावा घ्या, सौभाग्यवतींना पुढाकार घेऊ द्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! आमच्याकडे तर शेळीही एकच आहे आणि ती दोर तोडायच्या बेतात आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

ठरलं. सोमवारची पहाटेची बस. म्हणजे दुपारच्या पाळीला हजर होता येईल. बॅग भरून पलंगाखाली ढकलली आहे. मास्तरांना उद्या साक्षीच्या वेळी सांगणार. घरात सांगायचा धीर नाही. समोर बोलायला लागले की त्यांचा पाय हलेल आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहील. पण साक्ष देणाऱ्याला मधे अडवायचं नाही असा आमचा नियम आहे. एकदा त्यांनीच मोडला तो, पण पुन्हा मोडणार नाहीत.

मला अपराधी वाटत नाही, असं दोनदा लिहून खोडलं. वाटतं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

पहाटेची बस दारासमोरून गेली. मी शिडीवर होते, पडद्याचे हुक काढत. काल लिहायला जमलंच नाही, म्हणून कालचं आज लिहिते.

काल सकाळी स्पीकर मेला. मास्तरांनी वायर हलवली, थापट मारली, फुंकर मारली, शेवटी त्याच्यासाठी प्रार्थनाही केली असावी. तो ढिम्म. मग आम्ही दोघांनीच गाणं म्हटलं. चढाची गाडी आणि तिला मागून ढकलणारी मी. दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज फुटला, मी एकटीच पुढे गेले. इतकं केविलवाणं गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

साक्षीची वेळ आली. मी उठायच्या तयारीत होते, पदर सावरला होता. मास्तर म्हणाले, "आज मी."

नजर चारी बाजूंना फिरवली नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मी सगळीकडे सांगतो की फोनवर देव माझ्याशी बोलला," ते म्हणाले. "देव काही बोलला नाही. एक बाई बोलली. म्हणाली, ठेवू नका, बोला, ऐकतेय. तेवढंच. माझ्या आयुष्यात मला आलेली हाक ती तेवढीच. मी तिलाच देवाची हाक म्हटलं आणि अजूनही मला ते खोटं वाटत नाही. पण कमिटीपुढे बाईचं नाव घ्यायला लाजलो."

मी खुर्चीची कड घट्ट धरली होती.

"इथे आल्यापासून रोज संध्याकाळी भिंतीसमोर बसतो. काही ऐकू येत नाही. एक अक्षर नाही. वाटलं, हिला सांगावं. पण ही माझ्या भरवशावर आली. ड्रायव्हरच म्हणाला रस्ता दिसत नाही, तर गाडीतल्या माणसाने काय करावं? म्हणून गप्प राहिलो. मी गप्प, म्हणून तीही गप्प. रविवारी तेवढी बोलते, तिसऱ्या रांगेतून. त्या चार ते सहावाल्या म्हाताऱ्याचं ऐकताना मला रडू यायला लागलं, म्हणून मी थांबवलं. वेळेचं निमित्त केलं."

मग म्हणाले, "पलंगाखाली बॅग पाहिली. जा तू. मी पाय काढून घेतलाय."

मला काय वाटलं ते लिहू? राग आला. इतके दिवस दोघं एकाच खोलीत एकटी बसून होतो, आणि मी समजत होते की भिंतीपलीकडे यांच्याशी कोणीतरी बोलतंय. त्या रागातच मला त्यांची इतकी माया आली की उभीच राहिले. साक्ष द्यायला तोंड उघडलं. ठरवलेलं एकही वाक्य सापडेना.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

मास्तरांनी पडदा सारून दार उघडलं. पायरीवरची बाई. पिशवी छातीशी धरलेली. तिच्या मागे चावीवाला, हात पुसत.

बाई हळूच म्हणाली, "आज तुमची माणसं नाही आली का? गाताना दोघांचेच आवाज आले. म्हटलं, आज आत जागा असेल."

मास्तर दारातून बाजूला झाले.

चावीवाला म्हणाला, "मी यांना कधीचा म्हणतोय, विचारा तरी. तर म्हणतात, नको, भरलेलं असतं, सगळी त्यांची त्यांची माणसं, पडदा लावून बसतात, आपण कशाला मधे जायचं." मग मास्तरांकडे वळला. "आणि तुम्ही त्या दिवशी बाईंना मधेच थांबवलंत ते काही बरं केलं नाही, मास्तर. तीन आठवडे झाले. त्या चार ते सहावाल्या माणसाचं पुढे काय झालं?"

त्याने मास्तरांना मास्तर म्हटलं. हे नाव इथे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी भिंतीशी भांडताना घेतलं असेल कधीतरी.

मास्तरांनी त्या चाळीस खुर्च्यांकडे पाहिलं आणि दोन पुढे ओढल्या, जशा काही तेवढ्याच उरल्या होत्या. "बसा," म्हणाले. बंधुभगिनींनो म्हणायचं विसरले.

मी त्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते सांगितलं. फोन यायचा बंद झाला, एवढंच. मी आठ दिवस वाट पाहिली आणि मग मीच त्यांचा नंबर शोधून लावला. वाजत राहिला. हे आजवर मी मास्तरांनाही सांगितलं नव्हतं.

मग ती बाई उठली. पिशवी खुर्चीवर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"मलापण सांगायचंय," ती म्हणाली. "उभं राहूनच सांगायचं असतं ना? मला तुमचं ते देवाचं वगैरे काही येत नाही. मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. कुठून सुरू करू तेही कळत नाही." आणि दाराकडे पाहायला लागली, जशी आता निघूनच जाईल.

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर होते.

मी तिसऱ्या रांगेतून उठले, तिच्याशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हटलं, "जाऊ नका. बोला, ऐकतेय."